सुवर्णदुर्गला जायचंय? आधी तिथी बघा, मग रजा टाका

दापोलीजवळच्या हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला हाताच्या अंतरावर वाटतो. मधलं पाणी जेमतेम, होडीने दहा-पंधरा मिनिटांचं. म्हणूनच बरेच लोक काही न ठरवता शनिवारी दुपारी एक वाजता बंदरावर येतात आणि किल्ला लांबून पाहून परततात. होडी मिळते, पण ‘आत्ता उतरता येणार नाही’ असं ऐकावं लागतं. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आळशीपणाने असं सांगत नाही. किल्ल्यापाशी होडी लावायला धक्का बांधलेला नाही. होडी वाळूला आणि खडकाला लागते, आपण पाण्यात उतरून चालत जायचं. ते जमणार की नाही, हे त्या घटकेला पाणी किती आहे त्यावर ठरतं.

म्हणून हा लेख प्रवास आणि मुक्कामापासून नाही, भरतीच्या हिशोबापासून सुरू होतो.

१. तारीख ठरवा: तिथीचा पाऊणपट

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब एकच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, तेच या गुणाकारात बसवलेलं आहे.

उदाहरणार्थ चतुर्थी: ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती, सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला ६ येतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ऐन दुपारी बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेवढा गृहीत धरा. मिनिटांपर्यंत नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं. पण दोन महिन्यांनंतरची रजा आज टाकायची असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असतं: भरती खूप वर चढते, ओहोटी खूप खाली जाते आणि पाण्याला ओढ असते. अष्टमी ते दशमीच्या आसपास भांग: पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. नवख्याला, लहान मुलांना, गुडघे दुखणाऱ्यांना भांगाचे दिवस सोपे.

तिसरी गोष्ट वारा. सकाळी समुद्र शांत असतो. जमीन तापली की दुपारी खारा वारा सुटतो आणि लहान होडी उड्या मारायला लागते. म्हणजे आपल्याला सकाळही हवी आणि पाणीही हवं. या दोन अटी एकत्र बसवल्या की चित्र असं दिसतं:

- दशमी ते त्रयोदशी: सर्वांत सोयीचे दिवस. भरती साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान. सकाळी आठ-साडेआठला निघा, अकरा-साडेअकराला परत फिरा.
- चतुर्दशी ते द्वितीया: भरती साडेदहा-अकराच्या पुढे, पण उधाणाची. सकाळी पाणी अर्धं चढलेलं असताना उतरा. ऐन भरतीत दरवाजासमोरच्या वाळूवर लाटा येतात, तेव्हा होडीत चढणं अवघड जातं.
- तृतीया ते पंचमी: सकाळी सुकती, त्यामुळे निघायला दहा-अकरा वाजतात. येताना वारा लागणार, हे धरून चला.
- षष्ठी ते नवमी: दुपारच्या आसपास ओहोटी. सकाळी सातलाच निघायची तयारी असेल तर ठीक. उशीर झाला तर होडी लांब थांबेल आणि निसरड्या खडकांवरून जास्त चालावं लागेल.

ऐन ओहोटीला ‘पाणी कमी, चालायला सोपं’ असं वाटतं. तसं नसतं. पाणी उतरलं की शेवाळ धरलेले, कालवं (खडकाला धरून राहणारे शिंपले) चिकटलेले खडक उघडे पडतात. कालवाची धार ब्लेडसारखी असते. हात टेकला की तळवा कापतो आणि खाऱ्या पाण्यात जखम लवकर सुकत नाही.

२. हंगाम

ऑक्टोबर ते मे. मेच्या अखेरीला समुद्र खवळायला लागतो, पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमारी सुरू झाली तरी पर्यटकांनी घाई करू नये. किल्ल्यात तेव्हा गवत छातीला लागेल एवढं वाढलेलं असतं आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गवत वाळून बसलेलं, हवा बरी, शिवाय पाहुणे पक्षी आलेले.

हिवाळ्यातही एखादं वादळ अरबी समुद्रात उठतं. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा बघा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला. एखादा ‘चला, मी नेतो’ म्हणाला तरी जायचं नाही.

३. हर्णैला पोहोचणं

दापोलीहून हर्णै साधारण १६ किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरून एसटीने दापोली गाठायची. श्रीवर्धनकडून गाडीने येत असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोटीत गाडी घालून बाणकोटची खाडी ओलांडा. रस्त्याचा मोठा वळसा वाचतो.

होडी सकाळची असल्याने मुक्काम आदल्या रात्री हर्णै, मुरूड किंवा आंजर्ल्याला करा. पुण्या-मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी किल्ला करायचा बेत घाटातल्या एका ट्रकमुळे फसतो, भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

नावांचा एक घोळ इथेच सोडवून टाकू. हर्णैला चार किल्ले आहेत. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तिघे किनाऱ्यावर, समुद्रात एकटा सुवर्णदुर्ग. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर वस्ती आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘किल्ल्यावर सोडा’ म्हटलं की तो गोवा किल्ल्याच्या दारात उतरवतो. तुम्हाला हर्णै बंदर हवं आहे.

४. होडी ठरवणं

इथे मालवणसारखी तिकीट खिडकी आणि दर पंधरा मिनिटांनी सुटणारी होडी अपेक्षित धरू नका. होडी ठरवावी लागते. बहुतेकांना यांत्रिक मासेमारी होडी किंवा लहान फायबर बोट मिळते. दर हंगामावर, माणसांवर आणि गर्दीवर बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा ठराव पक्का करा. मुक्काम जिथे आहे त्या घरमालकाकरवी आदल्या संध्याकाळी तांडेलाशी बोलणं सगळ्यांत बरं. सकाळी बंदरावर प्रत्येक जण आपापल्या मासळीच्या घाईत असतो.

बोलताना हे प्रश्न जसेच्या तसे विचारा:

- किल्ल्यावर उतरवणार की नुसता फेरा मारून आणणार?
- पैसे माणशी की अख्ख्या होडीचे? जाऊन-येऊन धरून का?
- किती वेळ थांबणार? होडी तिथेच थांबणार की सोडून परत न्यायला येणार?
- सगळ्यांना लाइफ जॅकेट आहेत का? मुलांच्या मापाची आहेत का?
- उद्या उतरायला पाणी किती वाजता बरं?

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘डॉल्फिन आणि किल्ला’ अशी सफर विकली जाते, तिच्यात बऱ्याचदा किल्ला म्हणजे तटाभोवती एक चक्कर एवढंच असतं. पाऊल टाकायला मिळत नाही आणि भांडून उपयोग नसतो, कारण त्याने ‘किल्ला दाखवतो’ असंच सांगितलेलं असतं. शेवटचा प्रश्न उत्तर माहीत असूनही विचारायचा. तुमचा पाऊणकीचा हिशोब आणि तांडेलाची वेळ जुळली तर छान. नाही जुळली तर तांडेलाचं ऐका, खडक कुठे आहेत ते त्याला माहीत आहे.

किल्ल्यात दीड ते दोन तास लागतात. अर्ध्या तासाच्या बोलीवर गेलात तर दरवाजा आणि एक बुरूज पाहून पळावं लागेल. होडी सोडून जाणार असेल तर तांडेलाचा नंबर निदान दोघांच्या फोनमध्ये घ्या आणि निम्मे पैसे परत आल्यावर द्या.

५. सोबत काय घ्यायचं

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र. सागरी पोलिसांनी विचारलं तर लागतं.
- माणशी दोन लिटर पाणी. किल्ल्यात विहिरी आणि टाकी आहेत, पण ते पाणी पिण्याचं समजू नका. दुकान, टपरी, संडास यातलं काही नाही.
- मागून पट्टा असलेल्या सँडल. साध्या चपला पहिल्याच लाटेत वाहून जातात, आणि बूट ओले झाले की दोन दिवस सुकत नाहीत.
- गुडघ्याच्या वर दुमडता येईल अशी पँट आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड.
- फोन आणि पाकिटासाठी पाणी न शिरणारी पिशवी. नसेल तर दोन जाड प्लास्टिक पिशव्या, एकीत एक, तोंडाला रबर.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, मीठ-साखर पाण्याची पाकिटं.
- कापूस, चिकटपट्टी, जंतुनाशक, चिमटा. काटे आणि कालवं दोन्हींसाठी.
- कचऱ्याची रिकामी पिशवी.
- होडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी. खवळलेल्या पोटी घेऊन फायदा नाही. अगदी उपाशीही जाऊ नका. दोन पोळ्या किंवा घावणे खाऊन निघा.

ड्रोन घरी ठेवा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय उडवला तर अडचणीत याल. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे नजर आणखी कडक. रात्रीचा मुक्कामही करता येत नाही.

६. चढणं, बसणं, उतरणं

बहुतेक धडपड आणि दुखापत या दहा मिनिटांत होते.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घाला. बंद लावून खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. होडीत मधोमध बसा, वजन दोन्ही बाजूंना सारखं. फोटोसाठी सगळे एकदम एका काठाला गेले की होडी कलते आणि तांडेल ओरडतो. त्याचं ओरडणं बरोबर असतं.

किल्ल्यापाशी तांडेल इंजिन मंद करून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाळूकडे वळवील. तो सांगेपर्यंत उठायचं नाही. मग एकेकाने नाळेवर बसायचं, पाय बाहेर सोडायचे, एक लाट पुढे जाऊ द्यायची आणि ती गेल्या गेल्या सरकून उतरायचं. उडी मारायची नाही, खाली वाळू आहे की दगड ते वरून कळत नाही. पाणी गुडघ्याएवढं दिसतं आणि मांडीला लागतं. सामान आधी खाली उतरलेल्याच्या हातात द्या. होडी आणि खडक यांच्यामध्ये पाय किंवा हात कधीही आणू नका, लाट होडीला कधी ढकलेल ते सांगता येत नाही. लहान मूल खलाशाच्या हाती द्या. हे त्याचं रोजचं काम आहे, तुमचं नाही.

पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चला. वाळूत पाकट हा चपटा मासा बसलेला असू शकतो. पाय घासत गेलात तर तो आधीच सरकतो, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर जखम स्वच्छ करून पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात आणि दवाखाना गाठतात.

७. किल्ल्यात कसं फिरायचं

महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला, पूर्वेकडे आहे, पण समोर येईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड तो लपवलेला आहे. सरळ तोफ डागता येऊ नये आणि आत येणाऱ्याला वळसा घेताना वरून मारता यावं, यासाठी. थोडं मागे उभं राहून बघा: तटाचा खालचा भाग बांधलेला नाही, बेटाचा मूळ खडकच तासून उभा केला आहे आणि त्यावर मोठमोठे चिरे चढवले आहेत. तीनशेहून अधिक पावसाळे लाटा खाऊनही तट का उभा आहे, ते इथे कळतं.

दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे. वाळू साठली की दिसत नाही, म्हणून पाऊल टाकण्याआधी खाली बघा. भिंतीवर मारुती आहे. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, तिथून तटावर जायला पायऱ्या.

आधी तटावरून फेरी करा, मग आतले अवशेष बघा. उलट केलं तर उन्हाच्या तडाख्यात तट चढावा लागतो. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालताना आतल्या बाजूने चाला; बाहेरच्या कडेचे दगड काही ठिकाणी सुटे झाले आहेत. पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा चोरदरवाजा आहे. तिथून बाहेर डोकावायचं, उतरायचं नाही, कारण त्या बाजूला लाटा थेट येतात.

मधल्या भागात वाड्यांची जोती, कोठार, विहिरी आणि टाकी आहेत. नुसतीच जोती का उरली, याचं एक मोठं कारण एप्रिल १७५५ मध्ये सापडतं. कान्होजी आंग्र्यांनी आरमाराची ताकद इथे उभी केली होती. त्यांचा मुलगा तुळाजी याच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले. इंग्रजांचा आरमारी अधिकारी कमोडोर विल्यम जेम्स याच्या तोफांनी आतल्या शाकारलेल्या घरांना आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोहोचली आणि कोठार उडालं. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने लंडनमध्ये १७८४ साली एक मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे साहेबी उच्चारातला आपला सुवर्णदुर्ग. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींनी शूटर्स हिलवर तो जरूर बघावा.

टाकी आणि विहिरींचे काठ झाडोऱ्याने झाकलेले असतात. मळलेली वाट सोडून झुडपात शिरू नका, आणि मुलांना पुढे पळू देऊ नका. दगडावर नाव कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.

८. प्राणी-पक्षी: कुठे आणि कसे

बेटावर माणूस राहत नाही. दरवाजासमोरच्या खडकांत ओहोटीने मागे ठेवलेली पाण्याची डबकी असतात. पाचच मिनिटं सावली न पाडता उकिडवं बसा. आधी काही दिसत नाही. मग रिकामा वाटणारा शंख चालायला लागतो, त्यात साधू खेकडा असतो. मग दगडाच्या रंगाचा एक छोटा मासा सरकतो. दगड उलटून पाहिलात तर होता तसा परत ठेवा, त्याच्या खालच्या अंगाला जे चिकटलेलं असतं ते उन्हात मरतं.

वर आकाशात तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार हमखास. तिच्याहून बरीच मोठी, खालून पांढरी-राखाडी आणि पाचरीसारख्या शेपटीची आकृती दिसली तर तो समुद्री गरुड. या किनाऱ्यावर तो उंच झाडांवर घरटं करतो, साधारण हिवाळ्यात. घरटं दिसलं तर लांबूनच बघा, खाली जमून गलका करू नका. कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी हिवाळ्यात मोठ्या संख्येने येतात. होड्यांमागे घिरट्या घालतात, म्हणून दुर्बीण असेल तर ती बंदरावरच काढा.

तटाच्या कोनाड्यांत आणि झाडांवर मधमाश्यांची पोळी असू शकतात. अत्तर, फवारे, धूम्रपान टाळा. वाळूवर मेल्यासारखा दिसणारा चपट्या शेपटीचा साप हा समुद्रसाप असतो, विषारी. काठीनेही हात लावू नका.

डॉल्फिनची हमी कोणी देत असेल तर मनात हसा. सकाळच्या शांत पाण्यात दिसायची शक्यता जास्त, एवढंच खरं. दिसल्यावर तांडेलाला पाठलाग करायला सांगू नका. इंजिन बंद करून थांबलात तर ते जास्त वेळ जवळ राहतात. कासवांची पिल्लं बघायची असतील तर ती किल्ल्यावर नाही, आंजर्ले आणि वेळासच्या वाळूवर, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल.

९. काही बिघडलं तर

होडी वेळेवर आली नाही तर पोहत जायचा विचार करू नका. अंतर कमी दिसतं, पण मधल्या पट्ट्यात पाण्याला ओढ असते. तांडेलाला फोन, मग घरमालकाला. खरी अडचण असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ किंवा ११२. हे नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

पाणी चढायला लागलं असेल तर खालच्या वाळूवर सामान ठेवून वर जाऊ नका. परत येईपर्यंत चपला समुद्रात गेलेल्या असतात.

१०. परत आल्यावर

आधी गोड्या पाण्याने पाय, सँडल आणि कॅमेऱ्याची पिशवी धुवा. दुपारी चारच्या पुढे बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो. लिलावात मध्ये बोलू नका, ते सौदे व्यापाऱ्यांचे आणि ढिगाच्या हिशोबाचे असतात. किलो-दोन किलोसाठी शेजारी बसलेल्या मावश्यांकडे जा. मासा घेताना कल्ला उघडून लाल आहे ना ते बघा, आणि घरी न्यायचा असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ तिथेच मिळतो. गाडीत पाणी सांडू नये म्हणून डब्याखाली जुनी गोणी घाला.